बिल निघेपर्यंत

त्या बाईने आधी वरण-भात संपवला, मग भाजीची वाटी बोटाने पुसून घेतली आणि चपात्यांना मात्र हात लावला नाही. पाणी प्यायली. इकडेतिकडे बघितलं. कमरेच्या बटव्यातून धुऊन चार घड्या घातलेली दुधाची पिशवी काढली, दोन्ही चपात्या एकावर एक ठेवून दुमडल्या आणि पिशवीत सरकवल्या. हे सगळं ताटावर वाकूनच, अजून जेवण चाललंय असं वाटावं असं. शिवभोजन केंद्राच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी कॅमेरा होता. केंद्र चालवणाऱ्या वैनी गल्ल्याशी उभ्या राहून पुढच्या माणसाचा मोबाइलवर फोटो काढत होत्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मोबाइल खाली ठेवला, पाण्याचा जग उचलला, तिच्या टेबलाशी गेल्या आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून जवळजवळ भरलेल्याच पेल्यात हळूहळू पाणी ओतत राहिल्या. बाई उठली, हात धुतले, पिशवी पदराआड घेतली आणि गेली. वैनी परत येताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा चहा गार झाला की." इतकंच.

थाळी केंद्रात बसूनच खायची, बाहेर न्यायची नाही, हा योजनेच्या पहिल्या शासन निर्णयातला नियम. तो मला पाठ आहे, कारण असल्या नियमांवरच माझं पोट चालतं. बचत गटांचे प्रस्ताव लिहायचे, कोटेशनं गोळा करायची, खर्चाच्या पावत्या लावून उपयोगिता प्रमाणपत्र तयार करायचं, हे माझं काम. त्या दिवशीही मी अशाच एका फाइलसाठी वैनींकडे गेले होते. पण परतताना मनात फाइल नव्हती. घरी येताना एस.टी.त, रात्री भाकरी थापताना, ती दुधाची पिशवी काही डोक्यातून जाईना. त्यात कीव येण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे. असली पिशवी मी शंभर वेळा पाहिली आहे, आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही बायका लाडू अशाच नेतात. मला त्रास झाला तो वैनींच्या पाठीचा. त्या पाठीला आपल्या कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

दोन चपात्या म्हणजे साठ ग्रॅम.

हे वजन मी मनाने सांगत नाही. 2020 च्या प्रजासत्ताक दिनी ही योजना सुरू झाली तेव्हा थाळीत काय असेल ते ग्रॅममध्ये लिहून आलं होतं: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. दहा रुपयांत. दुपारी बारा ते दोन. सुरुवातीला राज्यभरात मिळून रोज अठरा हजार थाळ्या, एका केंद्राला कमीत कमी पंचाहत्तर, जास्तीत जास्त दीडशे. कागदावर वाचताना हे आकडे कोरडे वाटतात. वैनींच्या स्वयंपाकघरात सकाळी नऊला उभं राहिलं की त्यांना घाम फुटलेला दिसतो. शंभर थाळ्या धरल्या तर दोनशे चपात्या लाटायच्या, पंधरा किलो शिजलेला भात, दहा किलो वरण. भाताच्या पातेल्यातून वाफ निघत असते, खिडकीच्या जाळीवर तेलकट काळं बसलेलं असतं, फोडणीत लसूण पडला की बाहेर फरशीवर बसलेली माणसं वळून बघतात. तीन बायका चपात्यांना बसतात. एक लाटते, एक भाजते, एक तव्यावरून उतरलेली चपाती हातावर झटकून टोपल्यात टाकते. गप्पा चालू असतात आणि लाटण्याचा ठेका चुकत नाही. वजनकाटा फडताळावर आहे, पण तो तपासणीला कोणी आलं तरच खाली येतो. एरवी पळी आणि हात. वैनींचा हात माणूस बघून थोडा वरखाली होतो, हे मी स्वतः पाहिलंय. हमालाच्या ताटात भाताचा डोंगर पडतो. क्लासच्या मुलींच्या ताटात बेताचा, कारण त्या टाकतात.

जेवायला कोण येतं, याबद्दल शहरातल्या माझ्या मैत्रिणींचा एक ठाम समज असतो, आणि एक ठाम तक्रारही. समज असा की भिकारी येत असतील. तक्रार अशी की बाइकवरून येऊन लोक दहा रुपयांत जेवतात, मोबाइल तर सगळ्यांकडेच असतो. वैनींच्या केंद्रात येतात ते ग्रामीण रुग्णालयात कुणाला तरी घेऊन आलेले नातेवाईक. बाळंतिणीची आई, सलाइनची बाटली संपेपर्यंत बाहेर थांबलेला भाऊ. आडतीवरचे हमाल. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं, जी अभ्यासिकेची फी भरतात आणि जेवणात कापतात. तहसीलला सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालणारे म्हातारे. आणि हो, बाइकवाले येतात. एक मध्यमवयीन गृहस्थ गाडी पलीकडच्या मेडिकलसमोर लावून चालत येतात, कडेचं टेबल धरतात, खाली मान घालून जेवतात. इस्त्रीचा शर्ट असतो. नोकरी गेली आहे की घरी काही बिनसलं आहे, कुणाला ठाऊक. त्यांना विचारायची माझी हिंमत नाही, आणि ज्यांना त्यांच्या गाडीचा राग येतो त्यांनी एकदा त्यांच्या शेजारी बसून जेवावं, असं मला मनापासून वाटतं.

जेवणाआधी फोटो मात्र प्रत्येकाचा निघतो. नाव, मोबाइल नंबर, फोटो, सगळं अ‍ॅपमध्ये. रेंज नसली की रांग थांबते आणि भात निवतो. पहिल्यांदा आलेली माणसं फोटोच्या वेळी टोपी नीट करतात, बायका पदर डोक्यावर घेतात. मला हे आवडत नाही. दहा रुपये मोजून जेवणाऱ्या माणसाने तोंड का दाखवायचं? हॉटेलात आपण दाखवतो का? पण दुसरी बाजूही मला माहीत आहे, कारण मी त्याच बाजूच्या खुर्चीवर बसते. काही ठिकाणी तेच तेच फोटो पुन्हापुन्हा चढवून न झालेल्या जेवणाची बिलं काढल्याच्या बातम्या आल्या होत्या, मग कॅमेरे सक्तीचे झाले. चोरी ताटाची होत नाही, आकड्याची होते. आणि आकड्याची चोरी पकडायला जे काही लावतात ते शेवटी ताटावर वाकलेल्या बाईच्या डोक्यावर येऊन बसतं. यातून वाट कशी काढायची, मला खरंच सुचत नाही. फोटो बंद करा असं मी कुठल्याही बैठकीत म्हणणार नाही. वैनींनी जग घेऊन जाऊ नये असंही म्हणणार नाही.

माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, आणि रेशनवर मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीचा रंग विटकरी, वास वेगळा, आणि गार झाली की वातड. मालदांडी ज्वारी खाऊन वाढलेल्या आमच्या भागातल्या लोकांना ती घशाखाली उतरत नसे, पण उतरवली. वडील सुकडीबद्दल मात्र जरा मायेनं बोलत. हजेरी लागली की सुकडी घ्यायची आणि त्यातली निम्मी धोतराच्या सोग्यात बांधून धाकट्या बहिणीसाठी घरी न्यायची. मुकादम बघायचा, असं ते सांगत. बघायचा आणि बिडी पेटवायला तोंड फिरवायचा. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातल्या मुकादमाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. वैनींकडून आल्यावर ते गेलं.

पुढे आमच्या शाळेच्या दिवसांत एक रुपयात झुणका-भाकर आली. 1995 साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं, त्यांचं ते वचन होतं. आमच्या एस.टी. स्टँडबाहेर पत्र्याचं केंद्र उभं राहिलं, त्याला भगव्या-पिवळ्या रंगाची पाटी. वडिलांनी एकदा मुद्दाम नेलं होतं. झुणका तिखटजाळ होता, वर कच्चा कांदा, भाकरी जराशी जाड. उभं राहूनच खायचं. एका रुपयात एवढं येतं याचं मला लहानपणी इतकं नवल वाटलं की मी सुटे चार आणे घेऊन जाऊन पाव भाकरी मिळेल का, असं विचारलं होतं. तिथला माणूस हसला आणि त्याने दिली. मग सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली, पण केंद्रं जागच्या जागी राहिली. राज्यात कितीतरी ठिकाणी त्या जागांवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. आमच्या स्टँडवरचं केंद्र आधी वडापावचं झालं, मग चायनीजचं. पाटी तीच. तिच्यावरची 'झुणका-भाकर' ही अक्षरं ऊन खाऊन पुसट झाली तरी कुणी काढली नाहीत, कारण त्या अक्षरांमुळेच ती जागा टिकून होती. लोक हाका नूडल्स खात आणि बसची वाट बघत.

सरकार बदललं की ताट उचलायचं, हे आपल्याकडेच चालतं असं नाही. आंध्रात 2018 मध्ये स्वस्त जेवणाची अण्णा कँटीन सुरू झाली, 2019 ला सत्ता बदलल्यावर बंद पडली, आणि 2024 मध्ये जुनं सरकार परत आल्यावर पुन्हा उघडली. मधल्या पाच वर्षांत तिथं जेवणारी माणसं काय खात होती, हे कुठल्या अहवालात येणार? चेन्नईचं अम्मा उणवगम त्या मानाने चिवट निघालं. 2013 पासून आहे, एक रुपयाला इडली. त्याच्या चिवटपणाचं एक कारण मला माझ्या धंद्यामुळे चटकन दिसतं. तिथलं स्वयंपाकघर महापालिकेचं आहे आणि बचत गटातल्या बायका तिथं रोजंदारीवर काम करतात. तांदूळ कुठून आणायचा, गॅसचे पैसे कोण देणार, ही चिंता त्यांच्या डोक्यावर नाही. आपल्याकडे उलट आहे. आधी केंद्र चालवणाऱ्याने खर्च करायचा, थाळ्या मोजायच्या, आणि मग अनुदान मागायचं.

आता जरा हिशेब सांगते, कारण हिशेबाशिवाय वैनी कळणार नाहीत. सरकारने थाळीची किंमत धरली शहरात पन्नास रुपये, ग्रामीण भागात पस्तीस. दहा रुपये जेवणारा देतो. उरलेले म्हणजे शहरात चाळीस, खेड्यात पंचवीस रुपये अनुदान. वैनींना ग्रामीण दर. रोज शंभर थाळ्या गेल्या की गल्ल्यात हजार रुपये पडतात आणि सरकारकडे अडीच हजार जमा होतात. जमा होतात म्हणजे वहीत. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पासष्ट हजार. बिल तालुक्याला जायचं, तिथून जिल्ह्याला, मग वरून तरतूद आली की पैसे. तीन महिने उशीर झाला तर एक लाख पंच्याण्णव हजार रुपये एका बाईने आपल्या पदरचे घालून लोकांना जेवायला घातलेले असतात. तीन महिने काही फार नाहीत. अनुदान थकलं म्हणून केंद्रचालक आंदोलनाला बसल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

मग वैनींच्या पदरचे म्हणजे कुणाचे? त्यांच्या नवऱ्याची दीड एकर कोरडवाहू आहे. पैसे खरं तर आहेत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या अण्णांचे. तांदूळ, तूरडाळ, तेल, गव्हाचा आटा, सगळं अण्णांच्या लाल वहीत. वैनींचं पान मी पाहिलंय, त्याला मागून दुसरं पान सुतळीने जोडलंय. अण्णा व्याज लावत नाहीत, पण भाव लावतात. रोखीच्या गिऱ्हाइकाला डाळ ज्या भावाने, तिच्यापेक्षा वैनींना किलोमागे थोडी चढी. दोघांनाही ते माहीत आहे, दोघंही बोलत नाहीत. भाजीवाली आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी थांबते, गॅसवाला थांबत नाही. "गॅसचं रोख," वैनी सांगतात, "म्हणून गल्ल्यातले हजार तिकडंच जातात." चपात्या लाटणाऱ्या बायकांचा पगार उरलेल्यातून. कधीकधी त्याही थांबतात. कोण कोणासाठी किती थांबतं, याची एक उतरंड आहे, आणि तिच्या तळाला त्या तीन लाटणाऱ्या आहेत.

अण्णांना मी एकदा सहज विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? ते वजन करत होते, मान न उचलता म्हणाले, "सरकार बुडवत नाही ताई. लांबवतं."

मुंबईतल्या खानावळवाल्या बायकांचा इतिहास वाचताना मला अण्णांची वही आठवते. गिरणगावात गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या हजारो बायका होत्या. कामगार पगार झाला की पैसे देणार. तोवर धान्य उधारीवर, नाहीतर सावकाराकडून, दागिना किंवा भांडं ठेवून. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते नेमकी ही गाठ सोडवायला. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्ती लढ्यातल्या, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी या बायकांना आधी काय दिलं? प्रशिक्षण नाही, स्वच्छतेवरचं भाषण नाही. बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे महिना काढायला भांडवल. स्वयंपाक त्या बायकांना येतच होता. जेवणारेही होते. मधले तीस दिवस तेवढे विकत घ्यायचे होते. पन्नास वर्षं होऊन गेली आणि माझ्या टेबलावर वैनींची जी फाइल आहे तिच्यात मी अजून त्याच तीस दिवसांशी झटते आहे, फक्त आता ते नव्वद झालेत.

लॉकडाउनचं तर विचारूच नका. मार्च 2020 मध्ये थाळी पाच रुपयांवर आली आणि तालुक्या-तालुक्यात केंद्रं निघाली. वैनींचं केंद्र तेव्हाचंच. त्या आधी त्या शाळेत खिचडी शिजवायच्या, शाळाच बंद पडली. 2021 च्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, थाळी काही महिने फुकट झाली आणि पार्सलच द्यायची ठरली. म्हणजे बघा गंमत. योजना निघाली तेव्हा जेवण बाहेर नेणं गुन्हा होता, आता आत बसून जेवणं गुन्हा. चपात्या कागदात, वरण प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून, रस्त्यावर चुन्याच्या गोलात उभी राहिलेली रांग. त्या काळात कोण कुठं खातंय, कोणासाठी नेतंय, हे कुणी विचारलं नाही. आजारी म्हाताऱ्यांना शेजाऱ्यांनी नेऊन दिलं, क्वारंटाइन केलेल्या घरांच्या उंबऱ्यावर पिशव्या ठेवल्या गेल्या. जेवण पाय फुटल्यासारखं गावभर फिरलं. जिथं पोचायला हवं तिथं ते त्या दिवसांइतकं नेमकं बहुधा आधीही पोचलं नव्हतं आणि नंतरही नाही. वैनी म्हणतात, तेव्हा शिल्लक म्हणून काही राहतच नव्हतं, पातेली चाटूनपुसून जायची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुन्हा दहा रुपये, पुन्हा टेबल-खुर्च्या, पुन्हा आतच बसून.

फुकटच्या महिन्यांतही काही माणसं पैसे पुढे करत, असं वैनींनी सांगितलं तेव्हा मला ते आधी गोड केलेलं वाटलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. काही जण फुकट झाल्यावर यायचेच बंद झाले आणि दहा रुपये सुरू झाल्यावर परत आले. आणि काही जण उलट, दहा सुरू झाल्यावर आले नाहीत ते नाहीतच. दोन्ही खरं असणार. दहा रुपयांचं नाणं कुणाला ताठ ठेवतं, कुणाला दाराबाहेर. प्रस्तावात मी 'लाभार्थी' असा एकच रकाना करते आणि त्यात हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच आकड्यात जाऊन बसतात.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. पैसा नसतो असं नाही. पैसा असतो, पण तो वस्तूंवर प्रेम करतो. शीतगृह, डाळ मिल, गाडी, पॅकिंगचं मशीन, ज्याच्यावर पाटी लावून फीत कापता येते अशा कशालाही अनुदान मिळवणं त्या मानाने सोपं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या खर्चावर पस्तीस टक्के, दहा लाखांच्या मर्यादेत. चांगली योजना आहे, मी स्वतः तिच्यातून गटांना मशीन मिळवून दिली आहेत. पण गाडीच्या डिझेलला, लाटणाऱ्या बाईच्या पगाराला, बिल निघेपर्यंतच्या डाळीला कोण पैसे देणार? आमच्या भागात एका गटाच्या आवारात भाजी वाहायची छान गाडी उभी आहे, तिच्यावर देणगीदाराचं नाव तिन्ही बाजूंनी. पहिलं वर्ष डिझेलसकट होतं. दुसऱ्या वर्षापासून तिच्या टपावर मिरच्या वाळतात. देणगीदाराला मी दोष देत नाही, त्यांनाही कुणाला तरी फोटो दाखवायचा असतो. डिझेलचा फोटो कसा काढणार?

तर मी त्या दिवशी वैनींकडे गेले होते ते चपातीच्या मशीनसाठी. तासाला कितीतरी चपात्या, कोटेशन आणलेलं, माहितीपत्रकावर गोल गोल एकसारख्या चपात्यांचं चित्र. ती बाई पिशवी घेऊन गेल्यावर, गर्दी ओसरल्यावर, आम्ही बसलो. वैनींनी माहितीपत्रक उलटसुलट केलं. चित्रातल्या चपातीवर बोट ठेवून लाटणाऱ्या तिघींना दाखवलं, तिघी हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, मशीन आलं की या तिघी कुठं जातील? आणि मशीन डाळ आणतंय का? मला मशीन नको. मला तीन महिन्यांचं भांडवल द्या. असा कुठला कागद असतोय का तुमच्याकडं?"

असा कागद नसतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्याच सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत एक कलम आहे, ज्याच्याकडे मशीनच्या नादात कुणी फारसं बघत नाही. अन्न प्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. गटाने ते आपसात फिरवायचं. अट एकच, प्रक्रिया पाहिजे. शिजवलेली थाळी वाढणं यात धरत नाहीत. मग काय धरतात, असं वैनींनी विचारलं. मी सांगायला लागले, पापड, लोणचं, चटणी... आणि चपात्या भाजणारी, जी एरवी सगळ्यांत कमी बोलते, ती म्हणाली, "कडक भाकरी."

सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी निखाऱ्यावर, हल्ली शेगडीवर, पार कडक होईस्तोवर भाजतात. पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खातात. पुण्याच्या दुकानांत ती प्लास्टिकच्या पाकिटात मिळते आणि आमच्याकडच्या भावाच्या दुपटीला विकली जाते. दुपारी दोननंतर वैनींचं स्वयंपाकघर रिकामंच असतं. तवे तापलेले, बायका तिथंच. त्या तिघी थापायला बसल्या तर संध्याकाळपर्यंत किती होतील, याचा हिशेब वैनींनी बोटांवर सुरू केला. पुण्याचं गिऱ्हाईक रोख देतं का, हा पहिला प्रश्न. पाकिटावर काय काय छापावं लागतं, हा दुसरा. तुटलेल्या भाकऱ्यांचं काय करायचं, यावर जरा वाद झाला. लाटणारी म्हणाली चुरा करून स्वस्तात विकू. वैनी म्हणाल्या, तुटलेल्या विकायच्या नाहीत, त्या इथंच राहू द्यात, त्यांना कुठल्या नियमात बाहेर न्यायची मनाई नाही. मग माझ्याकडे बघितलं, हे मी ऐकलं की नाही ते तपासल्यासारखं.

मी मशीनचं कोटेशन फाइलमधून काढलं आणि नवा फॉर्म पुढ्यात ओढला. एकामागून एक रकाने भरत गेले. गटाचं नाव, नोंदणीचं वर्ष, बँक खातं, सदस्यसंख्या. 'भांडवलाची आवश्यकता का आहे' या रकान्याशी थांबले. खरं कारण लिहावं तर अर्ज परत येणार, पुण्यातल्या पाकिटाचं लिहावं तर ते अर्धंच खरं. ज्वारीच्या भाकरीच्या नफ्यातून गव्हाच्या चपात्यांची उधारी भागवायची, आणि ते बिल निघालं की पुन्हा ज्वारी भरायची, हे चार ओळींत कसं मांडणार? वैनी ताटं गोळा करत होत्या. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, इथं काय लिहू?

"लिहा, ज्वारी सुगीत स्वस्त मिळते, तेव्हा भरून ठेवायला पैसे लागतात," त्या म्हणाल्या. "ते काय खोटं नाही."

मी लिहिलं. त्यांनी अंगठ्याला लागलेलं पीठ पदराला पुसलं आणि सही केली, आणि लगेच अण्णांकडे मालदांडीचा आजचा भाव काय चाललाय ते विचारायला पोराला पिटाळलं.